वय झालेलं रसायन

अण्णांनी बाटलीचं बूच काढलं आणि आंबा देठाकडून हुंगतात तसं तिला नाक लावलं. डोळे मिटले, पुन्हा एकदा वास घेतला आणि बाटली माझ्याकडे सरकवली. "ह्येका पावसात भिजलेल्या गवताच्या उडयेचो वास येता," म्हणाले. "ह्यां घेऊन माका झोप येतली?"

बाटली पुण्याहून आली होती. भाचा मे महिन्यात आंबे खायला आला, तेव्हा त्याने सॅकमधून काढून माझ्या हातात ठेवली. काळपट काचेची, तीस मिलीची, ड्रॉपरवाली. "आत्या, आजोबांसाठी. विजया तेल आहे, म्हणजे भांगेच्या पानांचं. एकदम लीगल. आणि ह्यात नुसतं सीबीडी नाही हां, सीबीजी आहे, सीबीएन आहे. सीबीएन म्हणजे झोपेसाठी बेस्ट." तो स्वतः घेतो म्हणाला. ऑनलाइन मागवताना एका डॉक्टरशी व्हिडिओवर बोलावं लागतं, तेवढं त्याने केलं होतं. तीन मिनिटांत चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी त्याच्या नावाची, झोप मात्र आजोबांची.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका तिठ्यावर माझं मेडिकल आहे. सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत काउंटरच्या पलीकडून जितकी पॅरासिटामॉल मागितली गेली असेल, जवळपास तितकीच झोप मागितली गेली. "बाय, एखादी साधीशी झोपेची गोळी दी गो," असं म्हणत येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना मी चिठ्ठीशिवाय परत पाठवते, आणि त्या माझ्या नावाने बोटं मोडत जातात. अलीकडे गोव्याहून वर येणारे पर्यटकही वेगळं काहीतरी विचारू लागलेत. गमी आहे का, तेल आहे का, अमुक अक्षरांचं आहे का. मी नाही म्हणते आणि त्यांना ओआरएस विकते, कारण बहुतेकांना खरी गरज त्याचीच असते. पण ती अक्षरं नेमकी कशाची, हे मी कधी बसून वाचलं नव्हतं. आमच्या डी. फार्म.च्या पुस्तकात भांगेचं झाड अर्ध्या पानात संपायचं. पानांवरच्या केसांची आकृती यायची, ती काढली की चार मार्क.

आता बाटली घरातच आली म्हटल्यावर वाचणं भाग होतं.

अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. एसटीत चालक होते. झोप लागत नाही ही त्यांची तक्रार खरी, पण ती नीट ऐकून घ्यावी लागते. त्यांना झोप लागते नऊला, आणि सव्वातीनला जाग येते. मग पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, वॉरफरिन. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासायचं, त्याप्रमाणे गोळी कमीजास्त. हे सगळं भाच्याला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते हे, की या दोन गोष्टी एकमेकींच्या वाटेत येतात. त्याकडे नंतर येते.

आधी झाड. भांगेच्या झाडात या जातीची शंभराहून जास्त रसायनं सापडली आहेत. त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात. आपल्या कानावर पडतात दोनच: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी. बाकीची सगळी मंडळी 'मायनर', म्हणजे थोडक्या प्रमाणात असणारी. या थोडक्यांत जी पहिली भेटली ती मला आवडली. सीबीजी. झाडात आधी तिचं आम्लरूप तयार होतं, आणि झाडातली विकरं, म्हणजे एन्झाइमं, त्याच एका आम्लापासून टीएचसी, सीबीडी आणि सीबीसी या तिघांची आम्लं बनवतात. रतांब्यासारखं आहे हे. एकाच फळाच्या सालीची सोलं, गराचं आगळ, बियांचं कोकमतेल. फरक इतकाच की रतांबा संपतो, आणि सीबीजी थोडी मागे उरते. पिकलेल्या झाडात ती बहुधा एक टक्क्याहूनही कमी. सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपाच्या बुडाला जेवढं राहतं आणि जे घरातली बाई उभ्याउभ्याने खाते, तेवढी. शास्त्रज्ञही तिला सगळ्यांची आई म्हणतात, असं वाचलं तेव्हा मला हसू आलं. आईच्या वाट्याला उरलेलंच, हे त्यांनाही रसायनशास्त्रात सापडलं तर.

दुसरी गंमत म्हणजे हिरव्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच. असतं ते त्याचं आम्ल, आणि आम्लाने नशा येत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग खरं टीएचसी तयार होतं. आयुर्वेदात भांग शुद्ध करण्याची जी जुनी रीत आहे तिच्यात पानं पाण्यात धूत राहायची, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत. मग वाळवून गाईच्या तुपात परतायची. ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तुपात मात्र विरघळतात, आणि परतताना आम्लाचं रूपांतर होतं. रेणूचं चित्र कुणी काढलेलं नव्हतं, पण कढईत काय घडतं त्याचा अंदाज होता. शार्ङ्गधर संहितेत भांगेला 'व्यवायी' म्हटलं आहे, म्हणजे पचायच्या आधीच अंगभर पसरणारं द्रव्य. त्याच दमात अफूचंही नाव आहे. गुण सांगताना ज्याने ते अफूच्या शेजारी ठेवलं, त्याने ते सगळ्यांना वाटायला म्हणून ठेवलं नसणार.

आणि मग सीबीएन. भाच्याचं 'झोपेसाठी बेस्ट'.

ही गोष्ट सुरू होते १८९६ साली केंब्रिजला. तिथल्या तीन रसायनशास्त्रज्ञांनी, वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी, हिंदुस्थानातून आलेल्या चरसापासून एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला कॅनाबिनॉल नाव दिलं. त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्रज सरकारच्या भांग-गांजा चौकशी आयोगाने आपला सात खंडांचा अहवाल पुरा केला होता, म्हणजे साहेबाचं लक्ष त्या काळात या झाडावर चांगलंच होतं. भांगेतली नशा ज्यात आहे ते द्रव्य सापडलं, असं त्यांना वाटलं. तसं ते नव्हतं. नशेचं मूळ, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला १९६४ साल उजाडलं आणि ते काम इस्रायलमध्ये गावनी आणि मेशूलम या दोघांनी केलं. मग केंब्रिजच्या लोकांच्या हाती काय लागलं होतं? तर टीएचसीचं म्हातारपण. टीएचसीला हवा लागली, उजेड लागला, ऊन लागलं, दिवस गेले की त्याचं सीबीएन होत जातं. झाड ते मुद्दाम बनवत नाही. म्हणजे या सगळ्या घराण्यात जे सर्वांत आधी सापडलं ते झाडाचं नव्हतंच, ते वयाचं होतं. भांगेचा अभ्यास शिळ्यापासून सुरू झाला म्हणायचा.

मी हे अण्णांना सांगितलं. रात्रीची जेवणं झाली होती, आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्याक म्हातारा औषध."

सीबीएनची झोपेवरची ख्याती नेमकी इथूनच आलेली दिसते. जुना साठवलेला माल घेतला की माणूस पेंगतो, असा घेणाऱ्यांचा अनुभव. जुन्या मालात सीबीएन जास्त, मग झोप सीबीएनमुळे, असा सरळ हिशोब. पण माल जुना होताना इतरही बरंच बदलतं, उडून जाणारी सुगंधी द्रव्यं उडून जातात, टीएचसी कमी होतं, आणि तरी ते काही पूर्ण संपत नाही. १९७५ साली पाच माणसांवर एक प्रयोग झाला. नुसत्या सीबीएनने त्यांना विशेष काही झालं नाही. टीएचसीसोबत दिलं तेव्हा जास्त गुंगी आली. पाच माणसं! आमच्या रिक्षास्टँडवर यापेक्षा जास्त असतात. त्यानंतर बरीच वर्षं या विषयाकडे कुणी फिरकलं नाही, आणि ख्याती मात्र वाढत गेली. अलीकडे एक बरी चाचणी झाली आहे, ज्यात रोज २० मिलिग्रॅम सीबीएन सात रात्री दिलं. रात्रीत जाग येण्याच्या वेळा थोड्या कमी झाल्या. झोपेची प्रत मात्र खात्रीने सांगावी इतकी सुधारली नाही, आणि सोबत सीबीडी मिसळून काही वाढीव फायदाही दिसला नाही. म्हणजे अगदीच थाप नाही. पण 'बेस्ट' हा शब्द त्यातून निघत नाही.

आकडा लक्षात ठेवा, २० मिलिग्रॅम.

बाटलीवर समोर ठळक अक्षरांत १५०० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. भाचा त्यावर खूश होता. मी लेबल फिरवून बारीक अक्षरं वाचली, तर ते १५०० मिलिग्रॅम म्हणजे विजया पानांचा अर्क. अर्कात मेण असतं, हरितद्रव्य असतं, काय काय असतं. समोरचा आकडा कॅनाबिनॉइडचा नव्हताच. हे म्हणजे आंब्याच्या पेटीचं वजन गवतासकट सांगण्यासारखं झालं. मी भाच्याला म्हटलं, ह्याचा तपासणी अहवाल माग. प्रत्येक बॅचचा असतो, बाहेरच्या प्रयोगशाळेने केलेला, असायला हवा. त्याने मेल टाकली. चार दिवसांनी पीडीएफ आली.

ती मी दुकानात दुपारी, गिऱ्हाईक नसताना, स्टुलावर बसून वाचली. एका मिलीत सीबीडी १४ मिलिग्रॅम. टीएचसी ११. सीबीजी ०.९. सीबीएन ०.६.

आता गुणाकार करा. तीस मिली गुणिले ०.६, म्हणजे आख्ख्या बाटलीत १८ मिलिग्रॅम सीबीएन. त्या चाचणीत माणसाला एका रात्री जेवढं दिलं, त्याहून संपूर्ण बाटलीत कमी! लेबलवर सांगितलेली मात्रा पाच थेंबांची. वीस थेंबांचा एक मिली धरला तर पाच थेंबांत ०.१५ मिलिग्रॅम. अण्णांना चाचणीइतकं सीबीएन द्यायचं तर एका रात्रीत बाटली पाजूनही पुरेना, आणि तेवढ्यात तीनशे तीस मिलिग्रॅम टीएचसी पोटात जाईल. झोप येईल खरी, पण कुठल्या जातीची ते सांगवत नाही.

भाच्याला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण आत्या, मला तर झोप लागते ह्याने." लागत असेल. पाच थेंबांत पावणेतीन मिलिग्रॅम टीएचसी आहे, त्याचा काही वाटा असेल. बाटली उघडायची, दिवा मालवायचा, मोबाइल लांब ठेवायचा, याचाही असेल. मी ते हिणवून म्हणत नाही. तीस वर्षांच्या धडधाकट पोराला पावणेतीन मिलिग्रॅमने जे होतं ते एक्याऐंशीच्या माणसाला रात्री सव्वातीनला न्हाणीकडे जाताना वेगळं होतं. चक्कर, तोंड कोरडं, पाय लटपटणं. आमच्या न्हाणीला दोन पायऱ्या आहेत, जांभ्याच्या, पावसाळ्यात शेवाळ धरतात.

अहवालात आणखी एक गोष्ट होती, आणि खरं तर तीच आधी बघायला हवी होती. बॅच नंबर. बाटलीवर एक, अहवालावर दुसराच, आणि अहवालाची तारीख बाटली भरल्याच्याही सहा महिने आधीची. मी परत विचारायला लावलं. तिकडून उत्तर आलं की 'सर्व बॅचेस समान दर्जाच्या असतात'. हे वाक्य वाचून अण्णांना मात्र सगळं एकदम समजलं. इतका वेळ मी विकरं आणि आम्लं सांगत होते ते त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं होतं. आता ते सरसावून बसले. "वर देवगड, तळाक कर्नाटक," म्हणाले.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वरच्या थरात देवगडचा आंबा, खालच्या थरांत घाटावरून आलेला, भोवती गवत, आणि पेटीवर नाव सगळं आपलंच. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी हे थांबलेलं नाही, म्हणून तर आता आंब्यावर क्यूआर कोड चिकटवायची वेळ आली. विकणाऱ्याचा शब्द, पेटीवरचं नाव आणि आतलं फळ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मग तेच आम्ही शहरातून आलेल्या काळ्या बाटलीपुढे का विसरतो कोण जाणे. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सीबीडीच्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळलं फक्त २६ मध्ये. अठरांत टीएचसी सापडलं. ही सीबीडीची कथा, ज्याचं माप घेणं तुलनेने सोपं आणि प्रमाण भरपूर. ज्यांचं प्रमाण मुळातच थेंबभर त्यांच्या नावाने काय काय खपत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अहवालात फक्त कॅनाबिनॉइडचं पान होतं. जड धातू नाही, कीटकनाशकं नाहीत, अर्क काढायला वापरलेल्या द्रावकाचा अंश नाही, बुरशी नाही. हे झाड जमिनीतले धातू ओढून घेण्यात इतकं पटाईत आहे की चेर्नोबिलच्या परिसरात माती स्वच्छ करता येते का हे पाहण्यासाठीही ते लावून बघितलं गेलं. जे झाड शिसं आणि कॅडमियम पानांत साठवू शकतं, त्याच्या पानांचा अर्क घेताना ते एक पान अहवालात नसणं मला खटकतं. आणि बुरशीचं कोकणात राहणाऱ्याला काय सांगायचं. जुलैत आमच्याकडे चामड्याच्या चपलेवरही मोहर येतो.

भाच्याचा 'लीगल' हा शब्दही तपासून घेतला, कारण तो दुकान चालवणाऱ्या बाईच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले, फळलेले शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. या फटीतून पानांच्या अर्काची औषधं आयुष परवान्यावर बनतात. पण भांग आयुर्वेदिक औषधांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, तेव्हा ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची, आणि तशी सूचना लेबलवर असावी लागते. आपल्या राज्यात तर १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. म्हणजे राजस्थानात ठेका आहे म्हणून इथे चालतं असं नाही. तेव्हा 'लीगल' या शब्दाचा अर्थ इतकाच की परवाना क्रमांक, वैद्याची चिठ्ठी, आणि ती ज्याच्या नावाची त्यानेच घ्यायचं. आजोबांसाठी पुण्याहून आणलेली बाटली त्यात बसत नाही.

बियांचं तेल हा आणखी निराळा घोळ. 'हेम्प सीड ऑइल' म्हणून जे मिळतं ते २०२१ पासून अन्न म्हणून चालतं. कुमाऊंमध्ये भांगेच्या बियांची चटणी पिढ्यानपिढ्या खातात, तसलंच ते. तेल चांगलं असतं, पण बियांत ही रसायनं जवळजवळ नसतात आणि अन्नाच्या नियमांनी ती असायलाही मर्यादा घातली आहे. झोपेसाठी किंवा गुडघ्यासाठी म्हणून महागडं बियांचं तेल घेतलेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना म्हटलं, बाई, कोशिंबिरीवर घाला.

बाकीच्या अक्षरांबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. टीएचसीव्ही भूक मारतं म्हणून विकलं जातं. मधुमेहाच्या ६२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत उपाशीपोटीची साखर थोडी उतरली, वजन नाही. सीबीजीने चिंता कमी होते का यावर ३४ जणांची एक छोटी चाचणी झाली आहे, बरी आहे, पण ती सगळी माणसं आधीपासून भांग-गांजा वापरणारी होती. सीबीसीची माहिती उंदरांपलीकडे फार गेलेली नाही. २०१९ मध्ये इटलीत टीएचसीपी नावाचं एक सापडलं, टीएचसी मेंदूतल्या ज्या कुलपात बसून नशा आणतं, त्याला ते टीएचसीपेक्षाही घट्ट बसतं. त्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. आणि 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे सगळं मिळून, 'आयसोलेट' म्हणजे एकच शुद्ध. सगळं मिळून जास्त चांगलं चालतं हा दावा मालवणी मसाल्यासारखा पटकन पटतो. पण मसाल्यात काय किती पडलं हे करणाऱ्या बाईला ठाऊक असतं. इथे विचारलं तर मागच्या बॅचचा कागद येतो.

या सगळ्या वाचनात मनापासून आनंद देणारं एकच निघालं, आणि ते बाटलीबाहेरचं होतं. या झाडाचा वास ज्यांच्यामुळे, त्या टर्पीनांची यादी वाचत गेले तर ती आमच्या परसाची यादी निघाली. लिमोनीन लिंबाच्या सालीत, लिनालूल धण्यात. हापूसच्या वासात ज्याचा वाटा मोठा ते ऑसिमीन भांगेतही असतं. आणि कॅरियोफिलीन. हे मिरीत असतं, लवंगेत असतं. शरीरात भांगेच्या रसायनांसाठी ज्या दोन जागा ठाऊक आहेत, त्यांतल्या दुसऱ्या, नशेशी संबंध नसलेल्या जागेवर हे जाऊन बसतं, असं २००८ साली दाखवलं गेलं. म्हणजे पोफळीवर चढलेल्या वेलीवरून अण्णा दर वर्षी जी मिरी उतरवतात, तिच्यात भांगेच्या झाडातलं एक द्रव्य आहे, आणि ते या दुसऱ्या कुलपात बसतं. त्यामुळे काढा घेऊन सर्दी का बरी होते याचा उलगडा होत नाही, मी तसा दावा करत नाही. पण अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी वेलीकडे नव्याने पाहिलं. "पोलीस येतले काय रे बाबा," म्हणाले.

शरीर स्वतःही असलं एक द्रव्य बनवतं, हे १९९२ मध्ये कळलं. त्याला नाव दिलं आनंदामाइड, संस्कृतातल्या आनंदावरून. मेशूलमच्याच प्रयोगशाळेतलं काम ते. आपल्या शब्दावरून ठेवलेलं नाव आपल्यालाच ठाऊक नसतं, याचं आता नवल वाटत नाही.

आता वॉरफरिन. सीबीडी यकृतातल्या ज्या विकरांना अडवतं, त्यांच्यावरच वॉरफरिनचा निचरा अवलंबून आहे. निचरा मंदावला की गोळी तीच, पण रक्त जास्त पातळ. आयएनआर चढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. अपस्माराच्या काही गंभीर प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेल्या सीबीडीच्या औषधातही इतर गोळ्यांशी होणारा हा झगडा आणि यकृताच्या तपासण्या, दोन्ही ठळक लिहिलेले असतात. तिथे चालू ठेवायची मात्रा माणसाच्या किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम आणि वर. साठ किलोच्या माणसाला सहाशे. अण्णांच्या पाच थेंबांत साडेतीन. भाचा म्हणाला, मग एवढ्याने काय बिघडतंय? बहुधा काहीच नाही. पण मग घडणारही काय? अपाय होण्याइतकं नाही म्हणून द्यायचं आणि उपाय होईल म्हणून घ्यायचं, हे दोन्ही एका चमच्यात बसत नाही. शिवाय झडपेच्या माणसाचं आयएनआर ही आमच्या घरात देवघरातल्या समईसारखी सांभाळायची गोष्ट आहे. मी बाटली दिली नाही. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना महिन्याच्या तपासणीला विचारलं, त्यांनीही नकारार्थी मान हलवली आणि अण्णांच्या गोळ्यांचा कागद मागितला. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी घेत होते ती सकाळी करून दिली. यादीत ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तीन रात्री केंब्रिजमध्ये फिरून आले आणि घरातल्या डबीत बघितलं नाही.

त्याने एकदा उठणं वाचलं. सव्वातीन मात्र राहिलं.

एका रात्री मलाही जाग आली. अण्णा ओट्यावर बसले होते. अमावास्येच्या आसपासची रात्र, समुद्राचा आवाज नेहमीपेक्षा जवळ. मी चहा टाकू का विचारलं तर नको म्हणाले. जरा वेळाने आपणहून बोलू लागले. शिरोड्याला वस्तीची गाडी असायची. रात्री साडेनऊला पोचायची, देवळाच्या धर्मशाळेत पाठ टेकायची, आणि पहिली फेरी साडेचारला. सव्वातीनला उठायचं, तोंड धुवायचं, इंजिन गरम करायचं. वाहक झोपाळू होता, त्याला उठवायचं कामही ह्यांचंच. मासळीच्या पाट्या घेऊन बायका आधीच येऊन बसलेल्या असायच्या. तीस वर्षांत एकदाही गाडी उशिरा सुटली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग हसले. "आता गाडी नाय, पण ड्युटी लागता."

मी काय बोलणार. ज्या जागेसाठी तीस वर्षं शरीर तयार केलं, ती रिकामी करायला कुठली अक्षरं लागतात ते मला कुठल्या अहवालात सापडलेलं नव्हतं. दुपारी दोन तास छान घोरतात, ते तक्रारीत कधी धरत नाहीत. नऊ ते सव्वातीन आणि वर हे दोन, बेरीज केली तर माझ्यापेक्षा जास्तच झोपतात.

बाटली अजून कपाटात आहे, कागदात गुंडाळलेली, औषधांच्या खणापासून वेगळी. भाच्याला गणपतीत परत न्यायला सांगितलं आहे. त्या रात्री उठता उठता अण्णांना तिची आठवण झाली.

"ती बाटली खंय ठेवलंस गो?"

"कपाटात आसा. चतुर्थीक तो इलो काय तेका परत देतंय."

"जुनी झाली काय तेच्यात झोपेचा वाढता, असा सांगलंस ना तू?"

"सांगलंय."

"मगे रवांदे थंयच," म्हणाले आणि भिंतीला धरून आत गेले. "होवंदे जुनी."